दारापाशीची मुलगी काय म्हणाली

दातांच्या लॅबमध्ये त्याला सगळे कवळीवाले म्हणत. तो कवळ्या करायचा आणि झकास करायचा, त्यामुळे नावात खोट काढायला जागा नव्हती. दवाखान्यातून पेशंटच्या तोंडाचं माप यायचं. तो त्यात प्लास्टर ओतून जबडा उतरवायचा, मेणात एकेक दात बसवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून बघायचा, उजवीकडे नीट चावतंय का, डावीकडे उचलतंय का. मग घासून पुसून चकाकी आणायची आणि डबीत घालून पाठवून द्यायचं. त्याच्या कवळ्या घातलेल्यांपैकी एकाचाही चेहरा त्यानं पाहिलेला नव्हता. त्याच्या दातांनी हसणारी माणसं रस्त्यात समोरून आली, तरी ना त्याला ओळख पटणार, ना त्यांना. त्याला ते सोयीचंच वाटायचं.

लॅबच्या मालकीणबाई तोंडाच्या फटकळ. संध्याकाळी दिवे घालवताना हटकून विचारायच्या, "एवढी कसली घाई हो घरी जायची? कोण वाट बघतंय?"

"एक राजकन्या आहे. तिला किल्ल्यातून सोडवायची आहे," तो म्हणायचा.

"पन्नाशीला टेकलात. ती तरी किती दिवस थांबणार?" असं म्हणून बाई कुलूप लावायच्या. थट्टा रोजची होती आणि दोघांनाही तिची सवय झाली होती.

पण तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या दोन खोल्यांत भिंतभर टीव्ही होता, टीव्हीखाली गेम खेळायचे जुने-नवे कन्सोल एकावर एक रचलेले होते, आणि बसायला खुर्ची एकच होती. एकदा नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यानं पाणी दिलं, तर त्या बिचाऱ्याला ते उभ्यानंच प्यावं लागलं. त्यानंतर दुसरी खुर्ची आणायचं त्याच्या मनात आलं होतं, पण येऊन बसणार कोण, हा प्रश्न सुटेना. तेव्हा ते राहूनच गेलं.

तो खेळायचा ते जपानी रोल-प्लेइंग गेम. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, यात चार-पाच प्रवासी असतात आणि जगावर काहीतरी भलंथोरलं संकट आलेलं असतं. पण संकटाकडे सरळ चालू लागायचं, अशी पद्धत नाही. गावोगावी हिंडायचं, दिसेल त्या माणसाशी बोलायचं, कुणाची हरवलेली मांजर शोधून द्यायची. वाटेत राक्षस भेटले की सभ्यपणे पाळी लावून मारामारी करायची, आधी तू मार, मग मी मारतो. असं महिनोन् महिने केल्यावर शेवटचं दार लागतं आणि दारापलीकडे शेवटचा खलनायक. हे सगळं मांडी ठोकून, एका हातानं चहा पीत करता येतं. एकट्या माणसाला याहून सोयीचा प्रवास मिळणं कठीण.

नुसतं खेळून तो थांबत नसे. तो तुलना करायचा. इंटरनेटवर त्याच्यासारख्याच खुळ्यांचं एक मंडळ होतं. सगळे कधी ना कधी त्या एकाच छंदात अडकलेले, आणि कुणी कुणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. तिथं याला कवळी म्हणत आणि याचा शब्द शेवटचा मानत. जुने कार्ट्रिजवाले गेम बरे की पुढचे सीडीवाले, की आताचे डोळे दिपवणारे, यावर तो तासन् तास लिहायचा. आताच्या गेममध्ये गवताचं पातं न् पातं हलतं, पण गावातल्या माणसांकडे बोलायला काही नसतं, असं त्याचं म्हणणं. सीडीवाल्यांचं संगीत चांगलं, पण ते स्वतःच्याच प्रेमात. अर्धा-अर्धा तास पडद्यावर तेच बोलत राहतात आणि आपण हातावर हात धरून बसायचं. कथेला गुण, लढाईला गुण, संगीताला गुण, सगळं वेगवेगळं. दहापैकी दहा मात्र त्यानं कुणालाच दिले नव्हते. मंडळातल्या गणितवालीनं, म्हणजे शाळेत गणित शिकवणाऱ्या बाईंनी, एकदा चिडून विचारलंही होतं, "दहा गुण कुणासाठी राखून ठेवलेत, कवळी?"

ते राखून ठेवलेले नव्हते. ते कधीचेच देऊन झाले होते.

तो लहान असताना त्याच्या मामानं गेमचं यंत्र आणि त्यात खोचायचं एक करड्या रंगाचं कार्ट्रिज आणलं होतं. मामा बोटीवर स्वयंपाकी. परत येताना काय आणील याचा नेम नसे. कार्ट्रिजवर आणि गेममध्ये सगळं जपानीत. घरात जपानी कुणाला येणार? पण ताई म्हणाली, "मला येतं. मामानं शिकवलंय." ताई त्याच्याहून चांगली मोठी, तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. दोघं टीव्हीसमोर पालथी पडायची. बटणं त्याच्याकडे, वाचन ताईकडे. पडद्यावर चौकट यायची, चौकटीत दोन ओळी, आणि ताई वाचू लागायची.

विहिरीवर एक म्हातारी बसलेली असे. ती म्हणायची की तिच्या घरात माणसं एकमेकांवर इतकी ओरडायची, इतकी ओरडायची, की शेवटी ती उठून विहिरीवर येऊन बसली. विहिरीचं एक बरं असतं, आपण हळू बोललो की तीही हळू बोलते. ज्या पोरांच्या घरात फार आवाज असतो त्यांनी खुशाल इथं येऊन बसावं, जागा पुष्कळ आहे. वेशीवर दिवा घेतलेला एक शिपाई होता. त्याला अंधाराची भीती वाटायची म्हणून त्यानं मुद्दाम दिव्याचीच नोकरी धरली होती. प्रत्येकाची अशी काही ना काही कहाणी. एकदा त्यानं विचारलं, "ताई, दोनच तर ओळी आहेत. मग एवढा वेळ कसा लागतो वाचायला?"

"जपानी भाषा दाटीवाटीची असते, ठोंब्या," ताई म्हणाली. "दोन ओळींत फार मावतं."

त्याला ते पटलं.

सगळ्यांत शेवटी ते दार होतं, आणि दारापाशी एक मुलगी उभी. ती काय म्हणाली ते त्याला आजही तोंडपाठ होतं: मला आता पलीकडे जायचंय. तू रागावू नकोस. पण मी गेल्यावर तू इथं एकटा बसून राहू नकोस. बाहेर जा, कुणाशी तरी बोल. आणि कुणी हाक मारली तर नुसतं हं म्हणून गप्प बसू नकोस.

ताई हे वाचून उठली, दार उद्या उघडू म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती नर्सिंग शिकायला परगावी निघून गेली. बरेच दिवस तो शाळेतून आल्यावर त्या मुलीसमोर जाऊन बटण दाबायचा. चौकट यायची, तिच्यात दोन ओळी असायच्या, आणि वाचायला कुणी नसायचं. दार त्यानं उघडलं नाही. पुढे कार्ट्रिजच बंद पडलं.

ताईला जपानी येत नव्हतं, एवढं मोठा झाल्यावर त्याच्या ध्यानात आलंच. पण तिनं अंदाजानं सांगितलं असेल, गाभा तोच असणार, अशी त्याची पक्की समजूत होती. मंडळात तो ही वाक्यं गेमची म्हणूनच सांगायचा. 'हं म्हणून गप्प बसू नकोस' हा संवाद त्यानं कितीदा लिहिला असेल. असं एक वाक्य आताच्या एका गेममध्ये दाखवा, असं तो सगळ्यांना आव्हान द्यायचा. तो गेम मंडळात दुसऱ्या कुणी खेळलेला नव्हता. त्यामुळे सगळे माना डोलवायचे.

ताईचा फोन दर रविवारी दुपारी यायचा. ती आता मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर होती, लग्न होऊन कधीच दुसऱ्या शहरात स्थिरावली होती. ती बोलायची, भाऊजींच्या गुडघ्याचं, भाचीच्या परीक्षेचं, वॉर्डातल्या गमतीचं. हा फोन स्पीकरवर टाकून मांडीशी ठेवायचा आणि खेळत राहायचा. "हं," म्हणायचा. "हं." एका रविवारी ताईनं विचारलं, "ऐकतोयस का रे?" तो म्हणाला, "हं." पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हे त्याच्या लक्षात यायलाच काही आठवडे गेले. लक्षात आलं तेव्हा आपण करावा असं वाटलं, पण इतक्या दिवसांनी करून काय बोलायचं, असंही वाटलं. असं करता करता वर्ष उलटलं.

आणि मग बातमी आली. त्या करड्या कार्ट्रिजचा गेम नव्या कन्सोलसाठी पुन्हा नव्यानं निघणार होता, आणि तोही वाचता येईल अशा भाषेत. मंडळात एकच गलका झाला. जुना आणि नवा यांची तुलना कवळीनंच करायची, हे न विचारताच ठरलं.

गेम आला त्या दिवशी त्यानं लॅबला चक्क सुट्टी टाकली. मालकीणबाईंनी विचारलं, "तब्येत?" तर म्हणाला, "पाहुणे येणार आहेत." बाईंनी भुवया वर केल्या.

पडदा उजळला आणि तो खुर्चीत पुढे सरकला. तेच गाव, तीच सूर बदललेली पण ओळखीची धून, तीच वेस. फक्त आता विहिरीत पाणी हलत होतं आणि म्हातारीच्या शालीला झालर होती. तो धावतच तिच्याकडे गेला आणि बटण दाबलं.

"मुक्कामाची खोली उत्तरेला आहे," म्हातारी म्हणाली. "अंधार पडल्यावर बाहेर राक्षस फिरतात."

त्यानं पुन्हा दाबलं. म्हातारी पुन्हा तेच म्हणाली. तो वेशीवर गेला. शिपाई म्हणाला, "शस्त्र नुसतं विकत घेऊन भागत नाही. ते हातात धरायला हवं." त्यानं अख्खं गाव पालथं घातलं. एकानंही त्याला स्वतःबद्दल काही सांगितलं नाही.

त्याचं डोकंच फिरलं. त्यानं खेळणं तिथंच थांबवून मंडळात सणसणीत लेख टाकला. नव्या लोकांनी गेमचा जीव काढून घेतला आहे, माणसांच्या तोंडचे संवाद छाटून तिथं पाट्या लावल्या आहेत, म्हातारीची कहाणी गाळली, शिपायाची गाळली. चित्रांना दहा, कथेला शून्य. ज्यांना लाज आहे त्यांनी हा गेम घेऊ नये. एवढं लिहून तो झोपायला गेला आणि त्याला छान झोप लागली.

सकाळी मंडळातल्या दुभाष्याचं उत्तर आलेलं होतं. हा दुभाषा पोटापाण्यासाठी जपानी यंत्रांच्या माहितीपत्रकांचं भाषांतर करायचा आणि स्वभावानं अगदी गरीब. त्यानं लिहिलं होतं, "कवळी, राग मानू नका. मी जुन्या गेमचा मूळ मजकूर शोधून ताडून पाहिला. नव्यात अक्षरही गाळलेलं नाही. विहिरीवरची म्हातारी मुळातही खोलीचीच दिशा सांगते. तुम्ही म्हणता ती कहाणी कुठेच सापडली नाही. तुमची प्रत वेगळी होती का?"

हे त्यानं लॅबमध्ये, भांड्यात प्लास्टर कालवता कालवता फोनवर वाचलं. दोनदा वाचलं. मग नुसताच उभा राहिला. प्लास्टर काही कुणासाठी थांबत नाही. भानावर येऊन त्यानं चमचा हलवून पाहिला, तर तो भांड्यात घट्ट रुतून बसला होता. इतक्या वर्षांत त्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं. मालकीणबाई ओरडायला आल्या आणि त्याचा चेहरा बघून म्हणाल्या, "पाहुणे आले नाहीत वाटतं?"

"नाही," तो म्हणाला. "यायचेच नव्हते."

दिवसभर त्याचे हात दात बसवत राहिले आणि डोकं टीव्हीसमोर पालथं पडून राहिलं. शेजारच्या खोलीत आई-बाबांचा आवाज चढायचा, तो त्याला आता आठवायला लागला. आवाज चढला की ताई मोठ्यानं वाचायची. ज्या दिवशी भांडण लांबायचं त्या दिवशी म्हातारीची गोष्टही लांबायची. त्या घरात तो वाढला होता, तरी भांडणं अशी त्याला फारशी आठवतच नव्हती. आठवायची ती विहीर. त्याला वाटायचं आपलं बालपण शांत गेलं.

म्हणजे दहापैकी दहा त्यानं दिले होते ते गेमला नव्हते. जगातल्या सगळ्या गेमना त्यानं ज्या मापानं मोजलं, ज्याच्यापुढे सगळ्यांना उणं ठरवलं, ते त्याच्या बहिणीनं पोटावर पालथं पडून, जिभेवर येईल तसं रचलेलं होतं. त्याच्यासाठी, एकट्या त्याच्यासाठी. दुसऱ्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं, मंडळात नाही की जपानमध्ये नाही.

संध्याकाळी त्यानं लेख काढून टाकला आणि खाली लिहिलं, "तुलना मागे घेतो. जुना गेम मी कधी खेळलोच नव्हतो."

गणितवालीनं लगेच विचारलं, "मग इतकी वर्षं आम्हांला काय सांगत होतात?"

त्यानं मंडळाची खिडकी बंद केली. मंडळात दोन दिवस कुजबुज झाली आणि मग लोक दुसऱ्या कुठल्या गेमवर भांडू लागले.

तो मात्र रोज घरी येऊन मुकाट्यानं खेळत राहिला. गेममधल्या माणसांशी बोलणं त्यानं सोडून दिलं, वाट मोकळी करत पुढे गेला. एका रविवारी दुपारी तो त्या दारापाशी येऊन पोचला. मुलगी तिथंच उभी होती. आता तिचे केस वाऱ्यावर उडत होते. बटण दाबायच्या आधीच त्याला कळून चुकलं, आणि कळल्यावर त्याला खुर्चीत बसवेना. ताई दुसऱ्या दिवशी जाणार होती. रागावू नकोस, एकटा बसू नकोस, कुणाशी तरी बोल. ते प्रवाशांच्या सरदाराला उद्देशून नव्हतं. ते त्याला सांगितलं होतं. तो त्या वाक्यांना आयुष्यभर गुण देत राहिला आणि ऐकली मात्र नाहीत. ताईनं दर रविवारी हाक मारली आणि तो हं म्हणत राहिला.

त्याला फार लाज वाटली. फोन हातात घेऊन तो खोलीत येरझाऱ्या घालू लागला. ताईनं उचललाच नाही तर? उचलला आणि तिनंही नुसतं हं म्हटलं तर? तिचा तो हक्कच होता. शेवटी त्यानं डोळे मिटून नंबर लावला.

"काय झालं?" ताईचा आवाज घाबरलेला. "बरा आहेस ना? अॅडमिट आहेस का कुठे?"

"नाही गं. घरीच आहे."

"मग?"

"सहज केला."

आयुष्यात त्यानं सहज फोन केलेला नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

"ताई, मामानं आणलेला तो गेम आठवतो? करड्या कार्ट्रिजचा?"

"तो होय! आठवतो की. मला कुठे वाचता येत होतं त्यातलं! थापा मारायचे सगळ्या." ती हसली. "तुला कधी कळलं?"

"परवापरवा."

"परवा? अरे ठोंब्या!" ताई हसत सुटली आणि तिला ठसका लागला. तोही हसला. त्या खोलीत हसण्याचा आवाज इतका अनोळखी वाटला की तो आपोआप गप्प झाला.

"ती विहिरीवरची म्हातारी," तो म्हणाला.

"म्हातारी? नाही बाई आठवत. काय वाटेल ते बोलत असेन. आवाज तुझ्या कानावर पडू नये एवढंच डोक्यात असायचं."

"आणि दारापाशीची मुलगी?"

ताईचं हसणं थांबलं.

"ती आठवते," मग ती म्हणाली. "सकाळची बस होती माझी. तुला तोंडावर सांगायचं धाडस होईना. तू रडला असतास, मग मीही गेले नसते."

"तो गेम पुन्हा आलाय. आता वाचता येतो. तिच्यासमोरच उभा आहे मी."

"खरं?" ताईच्या आवाजात एकदम ती जुनी, पालथी पडलेली पोर डोकावली. "मग वाच ना. ती खरं काय म्हणते, ते इतक्या वर्षांनी कळू दे तरी मला."

त्यानं बटण दाबलं. चौकट आली. चौकटीत दोन ओळी होत्या: यापुढे परतीची वाट नाही. तयारी झाली का? आणि खाली, हो की नाही.

त्यानं घसा खाकरला.

"ती म्हणते," त्यानं वाचायला सुरुवात केली, "मी तुझं ऐकलं नाही. तू गेल्यावर मी इथंच बसून राहिलो. बाहेर गेलो नाही, कुणाशी बोललो नाही. तू दर रविवारी हाक मारायचीस आणि मी हं म्हणायचो. मग तू हाक मारणं सोडलंस, तेही मला लवकर कळलं नाही. कळलं तेव्हा लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून पुन्हा गप्प बसलो. ती म्हणते, माझ्या घरात खुर्ची एकच आहे. ती म्हणते, मला फार एकटं वाटतं, ताई."



"एवढं सगळं लिहिलंय तिथं?" ताईनं विचारलं. आवाज जड झाला होता.

"मूळ जपानी ना," तो म्हणाला. "दाटीवाटीची भाषा. दोन ओळींत फार मावतं."

ताईनं नाक ओढलं. मग कुठेतरी खुर्ची सरकवल्याचा आणि कुणीतरी नीट बसल्याचा आवाज आला.

"हं," ती म्हणाली. "पुढचं वाच."